टँकरचा ड्रायव्हर निवडतो कोण?

टँकरचा कुठेही मोठा अपघात झाला की आपल्याकडे चार दिवस तोच वाद नव्याने सुरू होतो. एका बाजूचं म्हणणं, हे ड्रायव्हर बेफिकीर, व्यसनी, अर्धशिक्षित. शिक्षा वाढवा, लायसन्स कायमचं काढून घ्या. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, ते बिचारे घरदार सोडून महिनोन्‌महिने रस्त्यावर राबतात, त्यांनाच किती दोष द्यायचा? २० डिसेंबर २०२४ च्या पहाटे जयपूरजवळ भांकरोट्याला एलपीजीच्या टँकरला ट्रकची धडक बसली, गॅस रस्ताभर पसरून पेटला आणि वीसेक माणसं जिवाला मुकली. त्यानंतर बडोद्यातही हाच वाद कानावर येत राहिला, आणि इथे तो जास्त पोटतिडकीने झाला यात नवल नाही. कोयलीची रिफायनरी १९६५ पासून आपल्या उशाशी आहे. बाजवा, रणोली, नंदेसरी या पट्ट्यातून पेट्रोल, डिझेल, गॅस, आम्लं, कॉस्टिक असं सगळं रात्रंदिवस बाहेर पडतं आणि डुमाड चोकडीकडे जाताना तुमच्याआमच्या स्कूटरला जवळजवळ घासून जातं. या शहराला टँकरच्या ड्रायव्हरची काळजी वाटायलाच हवी. पण वादाच्या दोन्ही बाजू त्या माणसाकडे तो स्टिअरिंगवर बसल्यानंतरच बघतात. त्याला तिथे बसवलं कोणी, कशाच्या आधारावर, आणि त्याच्याहून बरा माणूस असताना तो का आला नाही, हे कोणीच विचारत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सुरक्षित ड्रायव्हर शिक्षेच्या धाकाने तयार होत नाही आणि सहानुभूतीनेही होत नाही. ज्याचा माल आहे त्या कंपनीने, म्हणजे टाकी भरून गेट उघडणाऱ्याने, ड्रायव्हरच्या निवडीची जबाबदारी उघडपणे अंगावर घेतली पाहिजे आणि त्या निवडीचा खर्च भाड्यात धरला पाहिजे. आज ही निवड खऱ्या अर्थाने कोणीच करत नाही.

ती कशी होत नाही ते पाहा. माल कंपनीचा असतो. वाहतुकीचं टेंडर निघतं आणि सर्वांत कमी दर भरणाऱ्याला ठेका मिळतो. ठेकेदाराच्या स्वतःच्या गाड्या थोड्या, बाकीच्या छोट्या मालकांच्या, त्याच्याकडे लावलेल्या. दोन-तीन टँकर असलेला हा छोटा मालक त्या दरातून सगळं भागवतो. डिझेलचा भाव पंपावर ठरतो, टोल नाक्यावर ठरतो, हप्ता बँकेत ठरतो, विमा आणि पासिंगचे पैसे चुकत नाहीत. मालकाच्या हातात कमी करण्यासारखी एकच रक्कम उरते, ती ड्रायव्हरची. म्हणून मग महिन्याच्या पगाराऐवजी ट्रिपवर पैसे, वर खुराकी, आणि माणूस टिकावा म्हणून हातात आधीच दिलेली उचल. आधीचा ड्रायव्हर गावी गेला आणि परत आलाच नाही, तर हायवेवरच्या हॉटेलात दोन फोन होतात, कुणाचा तरी भाऊबंद मोकळा असतो, त्याच्या लायसन्सवर हॅझार्डसचा, म्हणजे धोकादायक माल नेण्याच्या परवानगीचा, शिक्का असतो आणि संध्याकाळी तो गाडी घेऊन गेटवर उभा राहतो. मालकाला गाडी उभी ठेवणं परवडत नाही, ठेकेदाराला गाड्यांची संख्या भरायची असते, कंपनीला डिस्पॅच काढायचा असतो. तिघांच्या हातांतून गेलेल्या या निर्णयात एकानेही त्या माणसाशी दहा मिनिटं बोलून पाहिलेलं नसतं.

मी बरीच वर्षं नंदेसरीच्या बाजूला एका रसायन कारखान्यात सुरक्षा विभागात होतो, त्यामुळे गेटवरची तपासणी मी जवळून पाहिली आहे. तपासणी खोटी नसते. सायलेन्सरवर स्पार्क अरेस्टर, म्हणजे ठिणग्या अडवणारी जाळी, आहे का, आगीचे सिलिंडर भरलेले आहेत का, चाकाखाली लावायचे ठोकळे आहेत का, टाकीचं टेस्ट सर्टिफिकेट चालू आहे का, पाठीवरचा धोक्याचा फलक मालाशी जुळतो का, ट्रेम कार्ड, म्हणजे गळती किंवा आग झाली तर काय करायचं ते सांगणारा कागद, केबिनमध्ये आहे का, लायसन्सवर शिक्का आहे का. एकेका रकान्यात खूण होते. एका पहाटेचा ड्रायव्हर मला अजून आठवतो. गाडी लावून तो खाली उतरला, बाटलीतलं पाणी डोळ्यांवर मारलं आणि रजिस्टरवर सही करायला वाकला. सही केली ती भलत्याच ओळीवर. शेजारच्या पोरगेल्या क्लीनरने त्याच्या हाताखाली बोट ठेवून बरोबर ओळ दाखवली, तेव्हा त्याने दुसऱ्यांदा सही केली. रकाने सगळे भरले होते, गाडीत काहीच खोट नव्हती. शेवटचं कधी झोपलास, हा रकाना त्या कागदावर नव्हताच. गाडी भरली गेली आणि निघाली. स्पार्क अरेस्टर नसता तर तीच गाडी आम्ही परत पाठवली असती, आणि तसा अधिकार आम्हाला होता.

कायद्याला हे कळत नाही असं नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नववा नियम सांगतो की धोकादायक माल वाहणाऱ्या ड्रायव्हरला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहितावाचता यायला हवी आणि त्याने तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन दाखला मिळवायला हवा. त्याहून महत्त्वाचा, पण कधीच चर्चेत न येणारा, नियम आहे १३५ वा. तो म्हणतो, ड्रायव्हरला पुरेशा सूचना आणि प्रशिक्षण मिळालं आहे याची खात्री गाडीच्या मालकाने करायची, आणि ती माल पाठवणाऱ्याचं समाधान होईल अशी करायची. म्हणजे नियम लिहिणाऱ्यांनी साडेतीन दशकांपूर्वीच माल पाठवणाऱ्याला या निवडीत आणून बसवलं होतं. मग हे समाधान कशावर होतं? तीन दिवसांच्या दाखल्याच्या झेरॉक्सवर. शिवाय २०१९ मध्ये दोन गोष्टी एकदम झाल्या. व्यावसायिक ड्रायव्हरसाठीची आठवी पासची अट निघाली आणि धोकादायक मालाच्या लायसन्सची मुदत एका वर्षावरून तीन वर्षांवर गेली. आठवीची अट काढल्याबद्दल माझी तक्रार नाही. उत्तम गाडी चालवणारी कितीतरी माणसं तिच्यामुळे बाहेर राहत होती. पण कागदाची अट सैल करताना हाताची आणि डोक्याची परीक्षा कडक करायला हवी होती, ती झाली नाही. युरोपात एडीआर नावाच्या करारानुसार धोकादायक माल नेणाऱ्याला वेगळी परीक्षा द्यावी लागते, टाकीच्या गाडीसाठी त्यावर आणखी स्वतंत्र अभ्यासक्रम असतो, आणि दर पाच वर्षांनी पुन्हा परीक्षेला बसावं लागतं. आपल्याकडे धान्याची पोती वाहणारा आणि आम्ल वाहणारा यांच्यात कागदावरचा फरक एका शिक्क्याचा आणि तीन दिवसांचा.

आणि फरक केवढा आहे! वीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस टँकरवर आला म्हणजे अनुभवी ड्रायव्हर आला, असं मालकही समजतात आणि तो स्वतःही समजतो. पोती बांधली की हलत नाहीत. टाकीतला द्रव मात्र ड्रायव्हरच्या प्रत्येक हालचालीला उत्तर देतो, आणि ते उत्तर क्षणभर उशिरा येतं. ब्रेक मारला की आतला माल पुढे धावतो आणि गाडी थांबल्यासारखी वाटली तरी पुन्हा ढकलतो. वळणावर तो बाहेरच्या बाजूला चढतो, आणि ड्रायव्हरने घाबरून स्टिअरिंग उलट फिरवलं की दुसऱ्या बाजूला तेवढ्याच जोराने येऊन आदळतो. टाकीची गाडी उंच, तिचा भार वर, त्यामुळे साध्या ट्रकला जो वेग वळणावर पचतो तो तिला पचत नाही. पेट्रोलच्या टाकीत कप्पे असतात म्हणून तिथे हा हेलकावा कमी. एकसलग टाकीत, आणि त्यातही ती अर्धीच भरलेली असेल तर, तो सर्वांत वाईट. एलपीजीची टाकी तर कधीच पूर्ण भरायची नसते, आतल्या द्रवरूप गॅसला फुगायला सुमारे १५ टक्के जागा सोडावी लागते. हे सगळं उस्तादाच्या हाताखाली शिकलेले फार चांगले ड्रायव्हर मी पाहिले आहेत. चहाचा ग्लास डॅशबोर्डवर ठेवून दांडिया बाजारातून गाडी नेऊ शकतील इतका त्यांचा हात हलका. पण उस्ताद-चेल्याची ती परंपरा आता क्षीण झाली आहे. आजचा क्लीनर शिकतो तो रात्री दोन वाजता, ड्रायव्हरला डुलकी आवरत नाही म्हणून, भरलेल्या गाडीवर, एक्स्प्रेसवेच्या अंधारात, लायसन्सशिवाय. शिकण्याची याहून धोक्याची जागा कोणती असेल?

योग्य ड्रायव्हर म्हणजे कोण, याबद्दलही आपली समजूत बदलायला हवी. जाहिरातीत लिहितात, 'अनुभवी, मेहनती, निर्व्यसनी'. तिन्ही गुण हवेतच. पण टँकरच्या कामाला लागणारा पहिला गुण वेगळाच आहे. हा माणूस नाही म्हणू शकतो का? वॉल्व्हमधून थेंब गळतोय, मी गाडी काढणार नाही. टाकी खुणेच्या वर भरली आहे, माल कमी करा. काल रात्रभर चाललोय, आज रात्री नाही जाणार. गावातून तासभर वाचतो, तरी मी बायपासनेच जाईन. प्रत्येक नकाराच्या मागे एखादा टळलेला अपघात असतो, पण तो अपघात कधी कुठल्या नोंदीत येत नाही. नकार मात्र लगेच दिसतो आणि त्याची किंमतही लगेच मोजावी लागते. ट्रिपवर पैसे घेणारा, मालकाची उचल डोक्यावर असलेला आणि उद्या दुसरा कोणीही आपल्या जागी बसू शकतो हे माहीत असलेला माणूस नाही कसा म्हणणार? स्वभावाने कितीही जबाबदार असला तरी त्याला ती मुभाच नाही. म्हणून ड्रायव्हरची निवड आणि ड्रायव्हरचा पगार हे दोन विषय नाहीतच. नकार देता येईल अशा नोकरीवर घेतलं तरच नकार देणारा माणूस सापडतो.

ही गोष्ट इतिहासात आधी घडून गेली आहे. १८७० च्या दशकात इंग्लंडात जुनाट आणि वाजवीपेक्षा जास्त भरलेली जहाजं भरपूर विमा उतरवून समुद्रात सोडली जात. करारावर सही केल्यानंतर अशा जहाजावर चढायला नकार दिला तर खलाशी कायद्याने गुन्हेगार ठरे, आणि असे कितीतरी खलाशी तुरुंगात गेले. तेव्हाही सभ्य समाजाची चर्चा खलाशांच्या दारूवर आणि बेशिस्तीवरच चाले. सॅम्युअल प्लिमसॉल या खासदाराने वाद तिथून उचलून जहाजमालकाच्या दारात नेला आणि १८७६ च्या कायद्याने जहाजाच्या अंगावर भाररेषा मारणं सक्तीचं झालं. त्यातही पहिल्या कायद्यात रेषा नेमकी कुठे मारायची हे मालकावरच सोडलं होतं! ती जागा कायद्याने ठरवून द्यायला आणखी बरीच वर्षं गेली. आपले धोकादायक मालाचे नियम आज नेमके त्या मधल्या काळात अडकले आहेत. रेषा मारायची असं ठरलं आहे, कुठे मारायची ते मालकाच्या हातात आहे.

आता विरोधातले मुद्दे. सर्वांत जोरकस मुद्दा ड्रायव्हरच्या टंचाईचा आहे आणि तो खराच आहे. वाहतूकदार म्हणतात, मुळात माणसं मिळत नाहीत, त्यात तुम्ही चाळणी बारीक केलीत तर निम्मे टँकर उभे राहतील. टँकर उभे राहिले की काय होतं ते जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशाने पाहिलं. अपघातात माणूस दगावल्यावर पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैद देणाऱ्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) विरुद्ध ड्रायव्हरांनी गाड्या थांबवल्या, आणि कितीतरी शहरांत पंपांवर रांगा लागल्या. पुढे १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा तेवढं पोटकलम बाजूला ठेवावं लागलं. शिक्षेच्या जोरावर हा प्रश्न सुटेल असं मानणाऱ्यांनी हा अनुभव विसरू नये. पण टंचाईचा मुद्दा मांडणारेही त्यातून चुकीचा निष्कर्ष काढतात. टंचाई कशाची आहे? गाडी चालवू शकणाऱ्या माणसांची, की या पैशात, या तासांत, या केबिनमध्ये चालवायला तयार असलेल्या माणसांची? आपलेच ड्रायव्हर आखातात जाऊन तिथले टँकर चालवतात. इथला कसलेला ड्रायव्हर आपल्या मुलाला या धंद्यात आणत नाही, आणि मला यात त्याचं शहाणपण दिसतं. चाळीस अंशांच्या उन्हात तापलेल्या केबिनमध्ये तासन्‌तास काढल्यावर कोणीही हेच ठरवेल. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला हे फार चांगलं झालं, पण रस्त्यावरच्या जुन्या गाड्या अजून कित्येक वर्षं तशाच धावणार. चाळणीची भोकं मोठी करून टंचाई मिटत नाही. चांगली माणसं त्यामुळे आणखी लांब जातात, कारण बेफिकीर सहकाऱ्याच्या दरात त्यांनाही काम करावं लागतं.

दुसरा मुद्दा खर्चाचा. ड्रायव्हरला नीट पगार, दोन ड्रायव्हर, विश्रांतीची रात्र, प्रशिक्षण या सगळ्याने भाडं वाढेल आणि ते शेवटी ग्राहकाच्या खिशातून जाईल. जाईलच. पण किती? २० हजार लिटरच्या टँकरच्या एका खेपेला ड्रायव्हरवरचा खर्च हजार रुपयांनी वाढला असं धरून चला. लिटरमागे पाच पैसे होतात. पेट्रोलच्या भावात पाच पैशांची चढउतार झाली तर पंपावर कोणाच्या लक्षातही येणार नाही, आणि त्या माणसाच्या एका खेपेच्या कमाईत हजार रुपयांनी मात्र जमीनअस्मानाचा फरक पडतो. हा हिशेब कंपन्यांना कळत नसेल असं मी मानत नाही. अडचण अशी की टेंडर भरताना त्या हजार रुपयांसाठी एक ठेकेदार गेला तर दुसरा येतो. म्हणून टेंडरच्या कागदातच ड्रायव्हरचं किमान महिन्याचं वेतन आणि विश्रांतीचा खर्च वेगळा, न कापता येणारा धरायला हवा. स्पर्धा उरलेल्या आकड्यावर करा.

तिसरा मुद्दा यंत्रांचा. जीपीएस, वेगाची नोंद, केबिनमधला कॅमेरा, डोळा मिटला की वाजणारा भोंगा. मी यांच्या विरोधात नाही. तेल कंपन्यांच्या टँकरवर गाडीचा माग ठेवणारी यंत्रणा आली तेव्हापासून वाटेत गाडी वळवून माल काढण्याला आळा बसला हे मान्यच करायला हवं. पण भोंगा वाजला म्हणून झोप पुरी होत नाही. ड्रायव्हर दचकतो, तंबाखूची चिमूट तोंडात टाकतो आणि तशीच पुढे ओढतो. गुजरातेत दारूबंदी आहे, तरी आपली निम्मी चर्चा दारूभोवती फिरते, कारण दारू नळीत फुंकायला लावून मोजता येते. झोप मोजायची नळी अजून कोणाच्या हातात नाही. तिला एकच उपाय आहे, तासांची मर्यादा. १९६१ च्या मोटर वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा घालून दिली. पण तो कायदा लिहिला होता पाच किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या धंद्यांसाठी. दोन टँकरचा मालक, ज्याच्या गाड्यांवर आपला बराचसा धोकादायक माल चालतो, तो बाहेरच राहिला.

चौथा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. सगळा दोष व्यवस्थेवर टाकलात तर जो ड्रायव्हर खरोखर बेफिकीर आहे तो सुटतो. बरोबर. पिऊन गाडी चालवणारा, मोबाइलवर व्हिडिओ बघत चालवणारा, क्लीनरच्या हातात भरलेली गाडी देऊन मागे झोपणारा माणूस टँकरवर नको, त्याची गरिबी कितीही खरी असली तरी. अशा माणसाला काढायलाच हवं. पण काढल्यावर तो जातो कुठे? बडोद्यात एका ठेकेदाराने काढलेला ड्रायव्हर आठवड्याभरात भरूच किंवा अंकलेश्वरला दुसऱ्याच्या गाडीवर बसतो, कारण आधीच्या मालकाला फोन करायचा असतो हे कोणाच्या मनातच येत नाही. अमेरिकेत नवा ड्रायव्हर घेताना मागच्या तीन वर्षांतल्या मालकांकडे चौकशी करणं वाहतूकदारावर बंधनकारक आहे, आणि २०२० पासून नशेच्या चाचण्यांची देशव्यापी नोंद पाहिल्याशिवाय त्याला कामावर घेता येत नाही. इथेही तशी सामायिक नोंद हवी. मात्र तिच्यातला धोका मी लपवणार नाही. तेल कंपन्यांच्या काळ्या यादीत नाव गेलं की ड्रायव्हरचं पोट बंद होतं, आणि अशी यादी नकार देणाऱ्याच्या विरुद्धही वापरली जाऊ शकते. म्हणून नोंद ठेवायची तर ती ड्रायव्हरलाही दिसली पाहिजे, त्याचं म्हणणं तिच्यात लिहिलं गेलं पाहिजे, आणि त्याने कोणत्या कारणासाठी गाडी काढायला नकार दिला तेही त्याच नोंदीत, त्याच्या बाजूने, चढलं पाहिजे.

कोणी म्हणेल, रस्त्यावर इतकी शिस्त आणणं आपल्या देशात अशक्य आहे. मग रेल्वेत ती कशी आली? आगगाडी चालवणाऱ्याला आपण दृष्टीची कडक तपासणी करून घेतो, एकाग्रतेची मानसशास्त्रीय चाचणी घेतो, आधी सहायक म्हणून वर्षानुवर्षं शेजारी बसवतो, ड्युटीवर येताना त्याचा श्वास तपासतो आणि मुक्कामाला रनिंग रूम, म्हणजे विश्रांतीची खोली, देतो. लोको पायलटांच्याही ड्युटीच्या तासांबद्दल रास्त तक्रारी आहेत, पण त्या तक्रारी करता येतात, कारण तास कुठेतरी लिहिलेले आहेत. तोच पेट्रोलचा साठा रेल्वेच्या वाघिणीत असताना त्याच्या पुढे इतका पारखलेला माणूस बसतो, आणि डेपोत उतरून टँकरमध्ये गेला की त्याच्यापुढे हॉटेलातल्या दोन फोनवर मिळालेला माणूस बसतो. माल तोच, त्याची ज्वलनशीलता तीच. रुळांवरून डांबरावर आल्यावर आपली काळजी एवढी का घटावी?

आणि बडोद्याने तरी हे अशक्य म्हणू नये. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी इथे कलाभवन काढलं तेव्हा रंगारी, सुतार, विणकर यांचं कसब बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून चेल्याकडे जात होतं आणि तेवढं पुरे आहे असंच सगळे मानत होते. त्रिभुवनदास गज्जरांसारख्या रसायनशास्त्रज्ञाला प्रमुख करून, लोकांच्या भाषेत, हाताच्या कामाला शास्त्राची जोड देणारं शिक्षण तिथे सुरू झालं. कसब हे शिकवण्याची, तपासण्याची आणि मान देण्याची गोष्ट आहे हा विचार या शहराला नवा नाही. ज्या शहराच्या अंगणात रिफायनरी आणि एवढे रासायनिक कारखाने आहेत, तिथे टँकर ड्रायव्हरसाठी कायमची शाळा असावी, बंदिस्त मैदानावर पाण्याने अर्धी भरलेली टाकी देऊन वळणं आणि ब्रेक घ्यायला लावणारी, ट्रेम कार्ड हिंदीत आणि भोजपुरीत समजावून सांगणारी, आणि खर्च कारखान्यांनी वाटून घेतलेली. तीन दिवस खुर्चीवर बसून मिळणाऱ्या दाखल्यापेक्षा अशा मैदानावरचा एक दिवस अधिक सांगून जाईल. तिथे उमेदवार कसा चालवतो याच्या बरोबरीने, मुद्दाम खुणेच्या वर भरलेली टाकी दिल्यावर तो गाडी काढतो की खाली उतरून विचारतो, हेही बघता येईल.

या सगळ्यात सामान्य माणसाचा संबंध काय, असं वाटत असेल तर १३ जून २०२३ चा लोणावळ्याजवळचा अपघात आठवावा. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर कुणे गावाजवळच्या पुलावर रसायनाचा टँकर उलटून पेटला आणि जळतं रसायन पुलाखालच्या रस्त्यावर सांडलं. चार जणांचा जीव गेला, त्यांत पुलाखालून जाणारेही होते. त्यांच्यापैकी कोणी ते टेंडर वाचलेलं नव्हतं. त्याच्याही आधी, ११ जुलै १९७८ ला, स्पेनमध्ये प्रोपिलीन या ज्वालाग्राही वायूचा टँकर समुद्रकाठच्या सुट्टीच्या तळाशेजारी फुटला आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. टाकी कारखान्यातूनच मर्यादेपेक्षा जास्त भरून निघाली होती. ड्रायव्हर तिथेच मेला, म्हणून सगळा दोष त्याच्या माथी मारून फाइल बंद करणं सोपं होतं. तसं झालं नाही. टाकी भरणाऱ्या आणि वाहून नेणाऱ्या कंपन्यांची माणसं न्यायालयात दोषी ठरली. आपल्याकडे प्रथम माहिती अहवालात (एफआयआरमध्ये) पहिलं नाव कोणाचं असतं हे आपल्याला ठाऊक आहे. जुलै २०२५ मध्ये बडोद्याजवळ मही नदीवरचा गंभीरा पूल तुटला तेव्हा तुटक्या टोकावर एक टँकर कित्येक दिवस लटकून होता. तो फोटो देशभर फिरला. तिथे पूलच खचला होता म्हणून ड्रायव्हरकडे बोट दाखवायला जागाच उरली नाही. एरवी ते बोट दाखवायला आपण तपासाचीही वाट बघत नाही.

यासाठी नवा कायदा येईपर्यंत थांबायची गरज नाही. १३५ वा नियम आहेच, माल पाठवणाऱ्याचं समाधान व्हायचं आहे, तर ते समाधान गेटवर खरंखुरं करून घ्यावं. तपासणीच्या कागदावर तीन रकाने वाढवावेत: मागच्या चोवीस तासांत किती तास गाडी चालवली, किती झोप झाली, आणि या गाडीवर हा माणूस किती दिवसांपासून आहे. उत्तरं जीपीएसच्या नोंदीशी ताडून पाहता येतात, तेवढ्यापुरतं ते यंत्र फार उपयोगाचं आहे. माणूस थकलेला असेल तर गाडी आत घ्यावी, उभी करावी, त्याला गेटजवळच्या खोलीत पंख्याखाली आठ तास झोपू द्यावं आणि मग टाकी भरावी. आणि त्या आठ तासांचा हॉल्टिंग भत्ता कंपनीने सरळ ड्रायव्हरच्या खात्यात जमा करावा, मालकाच्या बिलात मिसळू नये; म्हणजे पुढच्या खेपेला 'झोप झाली का' असं विचारल्यावर त्याला खरं उत्तर देता येईल.